२५६ बिटांची चावी आणि फोंड्याचा सर्व्हर

फोंड्यातल्या एका पतसंस्थेची रोज रात्री जाणारी फाइल अडकली. फाइल घेणाऱ्यांनी एईएस या एन्क्रिप्शनच्या, म्हणजे फाइल कुलूपबंद करायच्या, पद्धतीत २५६ बिटांच्या चावीची सक्ती केली होती. लॉगमध्ये एकच तक्रार: 'इल्लीगल की साइझ', म्हणजे चावीची ही लांबी चालत नाही. चावी तपासली, बरोबर. त्याच मशीनवर ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या साधनाने तीच फाइल २५६ बिटांनी विनातक्रार एन्क्रिप्ट केली. म्हणजे अडवत होती ती जावा, जिच्यावर संस्थेचं सॉफ्टवेअर चालतं.

जुनी जावा ज्यांनी सांभाळली नाही त्यांना हे खरं वाटणार नाही. तिच्या सिक्युरिटी फोल्डरमध्ये दोन जार फायली असतात. एकीचं नावच 'यूएस एक्स्पोर्ट पॉलिसी'. दुसरीत काही देशांच्या आयातनियमांमुळे घातलेली १२८ बिटांची मर्यादा. एईएस बनवली दोन बेल्जियन संशोधकांनी, तिचं गणित जगभर छापलेलं आहे. तरी फोंड्यातली पतसंस्था अर्ध्या लांबीच्या चावीवर अडकून पडली. मला याचा अजून राग येतो.

या दोन फायलींच्या जागी मर्यादा उठवणाऱ्या फायली टाकायच्या, एवढाच उपाय. "दादा, मिळाल्या, टाकू का?" आमच्या नव्या पोराने विचारलं. कुठून? कुणाच्या तरी अनोळखी साइटवरून. कुलूपच चोराकडून आणण्यातला प्रकार! पैशांच्या मशीनवर असं करायचं नाही, हे कॉलेजात कुणी शिकवत नाही. मी अधिकृत पानावरून परवाना-अटी वाचून फायली घेतल्या, फायलींची डिजिटल सही पडताळली, जुन्या जपून ठेवल्या, सेवा रिस्टार्ट केली. फाइल गेली. मॅनेजरसाहेब म्हणाले, "एवढंच होतं?"

एवढंच नव्हतं. जानेवारी २०१८ मधल्या ८यू१६१ या आवृत्तीपासून जावात ही मर्यादा मुळातच नाही. पण सॉफ्टवेअर विकणारा म्हणतो, व्हर्जनला हात लावलात तर सपोर्ट बंद. एन्क्रिप्शनच्या उघड्या सोर्सकोडला अमेरिकेने २००० सालीच निर्यातीची बरीच मोकळीक दिली. त्याआधी १९९१ च्या पीजीपी या एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरवरून ते लिहिणाऱ्या फिल झिमरमनची चौकशी झाली, आणि त्याचा सोर्सकोड पुस्तकात छापून परदेशी न्यावा लागला, कारण छापील पुस्तकाला निर्यातबंदी नव्हती. कायदा सैल झाला, पण मर्यादा आमच्या सर्व्हरवर तशीच राहिली, आणि ती उठवायची जबाबदारी कुणाचीच नाही.

विक्रेत्याला मी लेखी विचारलंय, गोव्यात अजून किती संस्थांकडे हेच व्हर्जन आहे. उत्तर आलेलं नाही.