हिरड्यांतून येणारे रक्त आणि माझी अडीच वर्षे

सकाळी दात घासून चूळ भरली की बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसायचे आणि नळ सोडला की ते वाहून जायचे. निदान पाच-सहा वर्षे हे असेच चालले होते. दुखत काहीच नव्हते, म्हणून मी ते घरातही कोणाला सांगितले नाही. रक्त येते त्या अर्थी ब्रश लागत असणार, अशी समजूत करून घेऊन मी हिरडीच्या कडेला ब्रश नेणेच सोडले आणि दातांचा फक्त समोरचा, दिसणारा भाग घासू लागले. मधूनमधून तुरटीच्या पाण्याने गुळण्या केल्या, मीठ चोळले, औषधाच्या दुकानातून हिरड्यांना लावायचे औषध आणले. चार दिवस बरे वाटायचे आणि पुन्हा तेच सुरू व्हायचे. रक्त पाहून हात आखडता घेणे ही माझी सर्वांत मोठी चूक होती, हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला.

मी कऱ्हाडला माध्यमिक शाळेत शिकवते. त्या वेळी माझे वय ५१ होते आणि मधुमेहाला नऊ वर्षे झाली होती. दाताच्या दवाखान्यात मी कधी गेलेच नव्हते असे नाही. मधल्या काळात दोन दाढांचे रूट कॅनाल करून घेतले होते आणि दोन्ही वेळा रक्ताचा विषयही काढला होता. परंतु गुळणीचे औषध लिहून देण्यापलीकडे कोणी हिरड्या तपासल्या नाहीत, आणि दाढ दुखायची थांबली म्हणून मीही पुढे विचारले नाही. दुखले की जायचे आणि थांबले की विसरायचे, हीच आमच्या घरातली रीत होती. मग एका पावसाळ्यात भाजलेले कणीस खाताना खालचा पुढचा दात किंचित हलल्याचे जाणवले. आरशात पाहिले तर त्याच्या आणि शेजारच्या दाताच्या मध्ये फट दिसली. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा तीन वर्षांपूर्वीचा फोटो काढून पाहिला, त्यात ती फट नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण माझ्या आईचे दात पन्नाशीच्या आत असेच एकेक करून हलून पडले होते.

ओळखीच्या एका दंतवैद्यांनी तपासून मला कोल्हापूरला हिरड्यांच्या आजाराच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवले. दातांच्या डॉक्टरांतही केवळ हिरड्या आणि दाताभोवतीचे हाड पाहणारे वेगळे तज्ज्ञ असतात आणि त्यांना पेरिओडॉन्टिस्ट म्हणतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. पहिल्या दिवशी त्या बाईंनी कोणताच उपचार केला नाही. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक, बोथट टोकाची सळई दात आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत हळूच उतरवत त्या आकडे सांगत गेल्या आणि मदतनीस मुलगी ते तक्त्यावर लिहीत गेली. ‘तीन, दोन, पाच. पाच, तीन, सहा.’ एकेका दाताला सहा ठिकाणी मोजमाप होते. निरोगी हिरडीत ही खाच एक ते तीन मिलिमीटर खोल असते आणि चारपासून पुढे काळजीचे कारण असते, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे खुर्चीवर आडवी पडून मी माझे स्वतःचे आकडे ऐकत होते. डाव्या खालच्या दाढेपाशी त्या ‘आठ’ म्हणाल्या आणि क्षणभर थांबून पुन्हा मोजून पुन्हा ‘आठ’ म्हणाल्या. शिकवताना मुलांची प्रगतिपत्रके मी इतकी वर्षे वाचून दाखवली आहेत, पण आकडे ऐकून पोटात खड्डा पडणे काय असते ते त्या दिवशी अनुभवले.

एक्स-रे पाहताना त्यांनी पेनाच्या टोकाने हाडाची रेषा दाखवली. ती जिथे असायला हवी होती त्याच्या बरीच खाली उतरली होती. दातांवर दर काही तासांनी जंतूंचा मऊ थर साचतो. तो रोज निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे कडक होऊन त्याचे कीटण बनते आणि मग ते कोणत्याही ब्रशने निघत नाही. त्या खरखरीत पृष्ठभागावर आणखी थर बसतो, हिरडी सुजते, दातापासून सुटते, खाच खोल होते आणि शरीराच्या या जंतूंशी चाललेल्या झगड्यात दात धरून ठेवणारे हाडच झिजत जाते. हे सारे न दुखता होते. सुजलेल्या हिरडीला जरासा धक्का लागला तरी रक्त येते, म्हणजे रक्त ही ब्रशने झालेली जखम नसून ब्रश तिथे पोचत नसल्याची खूण असते. मधुमेहात हा आजार अधिक वेगाने वाढतो आणि उलट हिरड्यांतली सूज रक्तातील साखर आवरणे अवघड करते, हेही त्यांनी सांगितले. नऊ वर्षे मी डोळे, पाय, मूत्रपिंड यांच्या तपासण्या नेमाने करून घेत होते. त्या यादीत तोंड कधीच नव्हते.

‘काकू, माझे काम महिन्यातून एक-दोन तासांचे आहे, बाकीचे सगळे तुमच्या हातात आहे,’ असे म्हणून त्यांनी मला दातांवर राहिलेला थर रंगवून दाखवणारी एक गोळी चघळायला दिली आणि चूळ भरून आरसा हातात दिला. मी त्या सकाळी नीट दोन मिनिटे दात घासून आले होते. तरीही खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, दाढांच्या मधल्या फटींत आणि उजव्या वरच्या सुळ्याच्या कडेने गडद गुलाबी पट्टे उमटले होते. खालच्या दातांच्या आतल्या बाजूला लाळेच्या ग्रंथींची तोंडे उघडतात म्हणून तिथे कीटण लवकर धरते आणि उजव्या हाताने घासणाऱ्यांच्या हातून उजव्या सुळ्याची जागा अनेकदा सुटते, हे तेव्हा समजले. माझ्या हातात ब्रश देऊन त्यांनी तो हिरडीच्या कडेला तिरका, साधारण ४५ अंशांत टेकवायला लावला आणि जागच्या जागी अगदी लहान हालचाली करून दाखवायला सांगितल्या. मला त्याच कोनात तो धरता येईना. वयाच्या ५१ व्या वर्षी दात घासायला शिकताना अवघडल्यासारखे झाले, पण त्यांनी तीन वेळा न कंटाळता करून घेतले, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

त्यानंतर चार आठवड्यांत चार बैठका झाल्या, प्रत्येक वेळी तोंडाचा एक चतुर्थांश भाग. सकाळी न्याहारी आणि मधुमेहाची गोळी घेऊनच यायचे, अशी सूचना होती. भूल दिल्यावर आधी पाण्याचा फवारा असलेल्या यंत्राने वरचे कीटण काढत आणि मग हातातल्या बारीक वाकड्या हत्यारांनी हिरडीखालचे दातांचे मूळ खरवडून गुळगुळीत करत. दुखले नाही, खरवडण्याचा आवाज मात्र थेट कवटीत ऐकू येत असल्यासारखा वाटायचा. एसटीने परतताना ओठ बधिर असायचा आणि संध्याकाळी हिरडी ठणकायची, पण दुसऱ्या दिवशी मी वर्गावर उभी असे.

खरी परीक्षा त्यानंतरची होती. सूज उतरली तशी हिरडी आक्रसली, दातांची मुळे उघडी पडली, पुढच्या दातांच्या मध्ये काळ्या त्रिकोणी फटी दिसू लागल्या आणि माठातले पाणीही दातांना झोंबू लागले. शिक्षक खोलीत दोघींनी मला सांगितले, ‘दात साफ करून घेतले की ते ढिले होतात, आम्ही आधीच म्हणालो होतो.’ हा समज किती घरांत आहे आणि त्यापायी किती माणसे दवाखान्याची पायरी चढत नाहीत, याचा विचार करून मला आजही वाईट वाटते. फट आधीपासूनच होती, ती सुजेने आणि कीटणाने भरून गेली होती. कीटण हे दातांना धरून ठेवणारे सिमेंट नाही. ज्या हाडाने दात धरलेला असतो तेच ते सावकाश संपवत असते. माझ्या दातांचे झोंबणे संवेदनशील दातांसाठीच्या टूथपेस्टने सहा-सात आठवड्यांत ओसरले. रक्त येणे तर त्याच्या कितीतरी आधी, रोज नीट घासायला लागल्यापासून दहा-बारा दिवसांतच, जवळजवळ थांबले होते. ज्या दिवशी चूळ भरल्यावर बेसिनमध्ये पाणी पांढरे दिसले, त्या दिवशी मी मुलाला बोलावून दाखवले.

घरी मी जे करते ते सांगते, कारण मला बहुतेक हेच विचारले जाते. ब्रश मऊ तारांचा घेते आणि तारा पसरल्या की, किंवा फार तर तीन महिन्यांनी, बदलते. सकाळी आणि रात्री फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टने घासते. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये जास्तीत जास्त १००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत १००० भाग) फ्लोराइडची मर्यादा आहे आणि ते प्रमाण ट्यूबवर छापलेले असते, ते वाचून घेते. रात्री घासण्याआधी दातांच्या फटींतून छोटे बाटलीब्रशसारखे असणारे इंटरडेंटल ब्रश फिरवते, दाढांसाठी जाड आणि पुढच्या दातांसाठी बारीक. धाग्याने माझ्या फटी साफ होत नाहीत, कारण त्या आता रुंद आहेत. ज्यांचे दात घट्ट चिकटून आहेत त्यांनी धागाच वापरावा. या सगळ्याला मला आठ मिनिटे लागतात. सुरुवातीला पंधरा लागत आणि वह्या तपासून दमल्यावर रात्री अकरा वाजता ती पंधरा मिनिटे डोंगराएवढी वाटत. क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशक औषधाची गुळणी मी फक्त सांगितले तेवढे दोन आठवडे केली. तिने चव बिघडते आणि जास्त दिवस घेतल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात, म्हणून ते औषध कायम घ्यायचे नसते.

आठ आठवड्यांनी पुन्हा मोजमाप झाले. बहुतेक पाच-सहाचे आकडे तीनवर आले होते. डाव्या बाजूच्या आठ मिलिमीटरच्या दाढेच्या दोन मुळांच्या मधले हाड गेलेले होते. ती काढावी लागली. उजवीकडे वर तीन जागा सहावर अडल्या होत्या, तिथे हिरडी थोडी उघडून खालपर्यंत स्वच्छता करण्याची फ्लॅप सर्जरी करायचे ठरले. मात्र तीन महिन्यांची साखर सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ८.४ होती आणि ती खाली आल्याशिवाय त्या हात लावायला तयार नव्हत्या. तीन महिने मी आणि माझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी तिच्यावर मेहनत घेतली, ती ७.४ वर आली. गोळ्यांतही बदल झाला होता, त्यामुळे सारे श्रेय हिरड्यांना देता येणार नाही, पण डॉक्टरांच्या मते थोडा वाटा त्यांचाही होता. शस्त्रक्रियेला दीड तास लागला आणि आठव्या दिवशी टाके निघाले.

मला सर्वांत अवघड गेले ते हे स्वीकारणे, की हा आजार बरा झाला असे म्हणून फाइल बंद करता येत नाही. गेलेले हाड होते तसे परत येत नाही, आहे ते राखता येते. त्यासाठी दर तीन महिन्यांनी कोल्हापूरला जाऊन मोजमाप आणि सफाई करून घ्यायची, हे आता अडीच वर्षे चालू आहे. एकदा परीक्षांच्या गडबडीत मी तीनाचे सहा महिने केले, तेव्हा दोन जागा पुन्हा पाचवर गेल्या होत्या. त्यानंतर मी तारीख चुकवलेली नाही. पुढचा तो दात मात्र अजून जागेवर आहे आणि आता फारच थोडा हलतो.

यंदाच्या दिवाळीनंतर मी आईला बरोबर नेले. ती ७८ वर्षांची आहे, तोंडात कवळी आहे आणि कवळी असणाऱ्या माणसाला दातांच्या डॉक्टरांचे काय काम, असे तिचे म्हणणे होते. ती लहानपणापासून मिश्री लावते. तव्यावर तंबाखू भाजून, काळी पूड करून, डाव्या हाताच्या तळव्यावर घेऊन हिरड्यांना चोळायची. गावाकडच्या आमच्या साऱ्या बायकांची सकाळ तशीच होत असे आणि मिश्रीने दात घट्ट राहतात, दुखत नाहीत असे त्या मानत. तंबाखूमुळे दुखणे तेवढ्यापुरते जाणवत नाही आणि निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावत असल्याने आजार असला तरी रक्त कमी दिसू शकते, हे मला आता माहीत आहे. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर आपल्या देशात १९९२ मध्ये बंदी आली, पण घरच्या तव्यावर ती कोण घालणार?

बाईंनी कवळी काढून आईच्या खालच्या ओठाची आतली बाजू उलटवली आणि मला जवळ बोलावले. मिश्री जिथे राहायची तिथे बोटाच्या पेराएवढा, सुरकुतलेला पांढरा चट्टा होता. तुकडा काढून तपासणीला पाठवला. अहवाल येईपर्यंतचे आठ दिवस आम्ही दोघींनी कसे काढले ते लिहिता येत नाही. कर्करोग नव्हता. पण अशा चट्ट्याचे पुढे काहीही होऊ शकते, मिश्री पूर्ण थांबवायची आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचे, असे डॉक्टरांनी बजावले. आईने घरी येऊन मिश्रीची डबी स्वतः माझ्या हातात दिली. सुरुवातीचे तीन आठवडे ती चिडचिडी होती, तिचे डोके दुखे, सकाळी शौचाला होत नसे. आम्ही कोमट पाणी, बडीशेप आणि गप्पा यांवर ते दिवस ढकलले. आता आम्हा दोघींच्या तारखा एकाच दिवशी घेतल्या आहेत. सकाळी साडेसातच्या एसटीने निघतो आणि आधी आईला खुर्चीवर बसवतो.