२३३ मिलिमीटरची सीमा

बार्सिलोनाचे चार दिवस इथे येणार नाहीत. तिथल्या वास्तुकार गौदीवर लिहिणारे रग्गड आहेत. हा लेख फक्त दोन स्टेशनांचा: स्पेनमधलं पोर्टबोऊ आणि फ्रान्समधलं सेर्बेर. पिरनीजची शेवटची धार भूमध्य समुद्रात उतरते तिथे एका डोंगराच्या अल्याड-पल्याड ही दोन गावं आहेत, मधे जेमतेम किलोमीटरभराचा बोगदा. एवढ्याशा अंतरासाठी प्रवाशाचा जो पिट्टा पडतो, तो नीट मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी नियम. स्पेनहून फ्रान्सला जायचं तर पोर्टबोऊला उतरायचं नाही. स्पॅनिश लोकल, म्हणजे आर ११, सीमा ओलांडून सेर्बेरला जाते आणि गाडी तिथे बदलायची. फ्रान्सहून स्पेनला येताना उलटं: सेर्बेरला जागेवर बसून राहायचं, फ्रेंच टीईआर, म्हणजे तिथली प्रादेशिक गाडी, बोगद्यातून पोर्टबोऊला येते, बदल तिथे. ज्या गाडीने तुम्हाला पलीकडे पोचवलं, ती परत जाताना बहुतेक रिकामीच जाते. सेर्बेरच्या फलाटावर दिवे लागलेली स्पॅनिश गाडी उभी दिसते, तिला पोर्टबोऊलाच परतायचं असतं, आणि तरी ती तुमची गाडी नव्हे.

यामागे एकोणिसाव्या शतकातलं जकातीचं तर्कशास्त्र आहे. देशात येणाऱ्या माणसाची आणि मालाची झडती यजमान देशाने आपल्या स्टेशनात, आपल्या पोलिसांसमोर घ्यायची. म्हणून प्रत्येक देशाने आपली रेल्वे शेजाऱ्याच्या पहिल्या स्टेशनापर्यंत नेली. बोगद्यात दोन रूळमार्ग आहेत, एक स्पॅनिश मापाचा, एक फ्रेंच मापाचा. १९९५ मध्ये युरोपातल्या देशांच्या शेंगेन करारामुळे इथली नेहमीची पासपोर्ट तपासणी गेली, जकात त्याआधीच गेली होती, पण गाड्यांना ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. (पासपोर्ट मात्र हाताशी ठेवा. २०१५ पासून फ्रान्सने सीमेवरची तपासणी पुन्हा सुरू केली आहे आणि सेर्बेरला पोलीस डब्यात चढतात.)

इथे फसायचं कसं, तेही सांगतो. आर ११ च्या सगळ्या गाड्या सेर्बेरला जात नाहीत. काही फिगेरेसला संपतात, काही पोर्टबोऊला. प्रत्येक टीईआरही पोर्टबोऊपर्यंत येत नाही. पुढच्या देशाची गाडी या गाडीसाठी थांबेल असं समजू नका. वेळापत्रक दोन्ही रेल्वेंचं वेगवेगळं बघायचं आणि आधी दुसऱ्या गाडीची वेळ पक्की करून मग पहिली निवडायची. चुकलात तर डोंगरावरून वळणावळणाचा रस्ता आहे. १९३९ च्या हिवाळ्यात स्पॅनिश यादवीत हरलेल्या बाजूचे निर्वासित ज्या वाटांनी फ्रान्समध्ये गेले, त्यांतली ही एक. सामान घेऊन चालायचा रस्ता नव्हे.

जकात गेली, मग उरलं काय? २३३ मिलिमीटर. फ्रान्सचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १४३५ मिलिमीटर, स्पेनचा १६६८. हा फरक फ्रेंच फौजा रुळांवरून आत घुसू नयेत म्हणून मुद्दाम ठेवला, अशी गोष्ट सर्रास सांगितली जाते. १८४४ सालचा हुआन सुबेर्कासे यांचा अहवाल वेगळं सांगतो. स्पेन डोंगराळ, चढ अवघड, त्यामुळे इंजिनं ताकदवान हवीत, म्हणजे बॉयलर मोठा हवा, आणि मोठा बॉयलर बसवायला चाकांमधे जागा हवी. म्हणून सहा कॅस्टिलियन फूट, सुमारे १६७२ मिलिमीटर. शेजारच्या पोर्तुगालने १६६४ घेतला होता. १९५५ मध्ये दोघांनी मधला १६६८ ठरवला. आपल्या ब्रॉडगेजचा आकडा १६७६, म्हणजे स्पेनपेक्षा फक्त आठ मिलिमीटर जास्त. पोर्टबोऊच्या यार्डात मराठी माणसाला रूळ ओळखीचे वाटतात ते म्हणूनच.

यार्ड मात्र ओळखीचं वाटत नाही, ते राक्षसी आहे. पोर्टबोऊची वस्ती हजारभर, आणि स्टेशनावर लोखंडी कमानींचं असं छत की एखाद्या राजधानीला शोभावं. सेर्बेरलाही तेच: डोंगर खोदून काढलेलं यार्ड आणि त्याच्या पायाशी चिमूटभर गाव. ही स्टेशनं गावांसाठी बांधलेली नाहीतच. ती गेज बदलण्यासाठी आहेत, आणि गेज बदलणं म्हणजे दीर्घकाळ माणसांनी माल हाताने उचलून दुसऱ्या डब्यात टाकणं.

तो माल मुख्यतः संत्री. वॅलेन्सियाकडून सुटी संत्री भरलेली वाघीण, म्हणजे मालडबा, सेर्बेरला येई, शेजारच्या रुळावर फ्रेंच वाघीण लावत, आणि मधल्या फळ्यांवरून बायका टोपल्यांनी संत्री वाहून नेत. खोरं चालत नाही, फळ ठेचलं की पॅरिसपर्यंत अख्खी वाघीण सडते. म्हणून टोपली आणि म्हणून बायका, कारण त्यांना मजुरी कमी. १९०६ मध्ये याच बायकांनी संप केला. मिरजेला एका गेजवरून दुसऱ्यावर पोती फिरवणारे हमाल ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको.

नंतर लोकांना कळलं की संत्री हलवण्याऐवजी चाकं हलवावीत. दोन आसांच्या वाघिणी जॅकवर उचलायच्या, खालचा रुंद आस रुळावरून ढकलत बाहेर काढायचा, अरुंद आस त्याच जागी आणायचा, वाघीण खाली सोडायची. सांगायला सोपं. पण आसपेट्या आपापल्या खाचांत बरोबर बसायला हव्यात, स्प्रिंग तिरकी बसता कामा नये, आणि ब्रेकचे ठोकळे नव्या चाकांच्या रेषेत यायला हवेत. शिवाय दोन्ही मापांच्या आसांचा साठा सीमेवर पडून हवा. एका दिशेला माल जास्त गेला की एका मापाचे आस संपतात आणि वाघिणी तिष्ठत राहतात.

यावरचा सगळ्यात देखणा उपाय तालगो या स्पॅनिश कंपनीचा, आणि मला विचाराल तर युरोपातल्या रेल्वे कारागिरीत याला तोड नाही. १९६९ मध्ये कॅटलन तालगो ही गाडी बार्सिलोना ते जिनिव्हा सुरू झाली आणि पोर्टबोऊला प्रवाशांनी उतरणं थांबलं. तालगोच्या डब्याला नेहमीचा अखंड आस नसतो. डावं आणि उजवं चाक स्वतंत्र फिरतं. त्यामुळे चाक आडवं सरकवता येतं. गाडी साधारण ताशी १५ किलोमीटर वेगाने गेज बदलणाऱ्या साच्यात शिरते. आधी डब्याच्या बाजूच्या आधारपट्ट्या दोन्हीकडच्या ठाम कठड्यांवर टेकतात आणि घसरू लागतात. घर्षण कमी व्हावं म्हणून तिथे पाण्याचा फवारा असतो. भार कठड्यांवर गेला की चाकांखालचा रूळ संपतो आणि चाकं मोकळी लोंबतात. मग कुलपाच्या खिट्ट्या खालच्या खोबणीत अडकून ओढल्या जातात, कुलूप उघडतं. तिरक्या पट्ट्या प्रत्येक चाकाला साडेअकरा सेंटिमीटरच्या वर आत किंवा बाहेर ढकलतात. खिट्ट्या परत वर, कुलूप बंद, नवा रूळ चाकाखाली येतो आणि भार पुन्हा चाकांवर. एकेक जोडी करत अख्खी गाडी पार होते, कुणी हात न लावता.

अडचणी दोन. पहिली थंडीची: चाकांच्या यंत्रणेत बर्फ गोठला की खिट्ट्या हलत नाहीत, म्हणून थंड प्रदेशातल्या साच्यांपाशी आधी बर्फ वितळवावा लागतो. दुसरी इंजिनाची. डबे सरकत्या चाकांचे असले तरी जुनी इंजिनं तशी नव्हती, आणि विजेचा दाबही वेगळा, स्पेनकडे ३००० व्होल्ट, फ्रान्सकडे १५०० व्होल्ट, दोन्ही डीसी. म्हणून साच्याच्या अलीकडे एक इंजिन सोडायचं आणि पलीकडे दुसरं जोडायचं. (याच कंपनीचे डबे २०१६ मध्ये दिल्ली-मुंबई चाचणीला धावले होते. तिथे गेज बदलायचा प्रश्न नव्हता, सोळाशे शहात्तरला बेतून आणले होते.)

आता या साच्यातून प्रवासी जात नाहीत. डिसेंबर २०१० मध्ये फिगेरेस ते पेर्पिन्याँ हा ४४ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग सुरू झाला, सीमेवरच्या पेर्थुस खिंडीखाली ८.३ किलोमीटरचा जोडबोगदा, गेज १४३५, वीज २५ हजार व्होल्ट. २०१३ च्या डिसेंबरपासून बार्सिलोना-पॅरिस थेट गाडी. आरामशीर आहे, वेळेची बचत आहे, आणि सीमा कधी गेली ते कळत नाही. माझी तक्रार तीच. घाईत असाल तर जरूर जा. पण मग तुम्ही रेल्वेने सीमा ओलांडली असं म्हणू नका, तुम्ही बोगद्यातून गेलात.

कानफ्रांक या पिरनीजमधल्या स्पॅनिश सीमास्टेशनाबद्दल सगळे विचारतात म्हणून एवढंच: १९२८ ची २४१ मीटर लांब इमारत, १९७० मध्ये फ्रेंच बाजूला मालगाडी निसटून पूल पडला आणि आरपार वाहतूक थांबली, आता तिथे हॉटेल आहे. फोटो छान येतात.

त्यापेक्षा लातूर-द-कॅरोल. नाव वाचून हसू येतं हे खरं, आणि आपल्या लातूरला बार्शी लाइटची नॅरोगेज होती हे आठवून आणखी येतं. हे स्टेशन फ्रान्सच्या हद्दीत, पण बार्सिलोनाहून आर ३ थेट तिथे येते, १६६८ वर. तुलूझकडची गाडी १४३५ वर. आणि व्हिलफ्रांशहून डोंगर चढत येणारी पिवळी गाडी १००० मिलिमीटरवर. विजेचा दाब ३०००, १५०० आणि ८५०. पैकी शेवटचा वर तारेत नाही, रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळात, तेव्हा फलाटावरून खाली पाय टाकायचा नाही. मिरजेला एकेकाळी तिन्ही गेज होते. इथे ते आजही चालू आहेत, आणि मधे बोगदा नाही, फक्त फलाट.

पिवळ्या गाडीला उन्हाळ्यात उघडे डबे असतात. बोल्केर-एन स्टेशन १५९३ मीटरवर आहे, तेव्हा ऑगस्टातही अंगात काहीतरी गरम असू द्या. तिन्ही मार्गांवर गाड्या मोजक्या. आर ३ ची परतीची वेळ आधी लिहून घ्या आणि बाकी दिवस तिच्या मागे लावा. उलट केलंत तर रात्र लातूरला.