मिशिगन सरोवराकाठच्या पाणबुड्या : सोलापूरहून जाणाऱ्या आई-वडिलांसाठी

सोलापूरचा उन्हाळा टाळून शिकागोला मुलांकडे जाणारे बहुतेक जण नायगारा बघून परततात. मिशिगन सरोवराच्या दोन्ही काठांवर दुसऱ्या महायुद्धातल्या खऱ्या पाणबुड्या आहेत, त्यासाठी दोन-तीन दिवस जरूर काढा.

सुरुवात सरोवराच्या पश्चिम काठावरच्या, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅनिटोवॉकपासून. या गावाने युद्धात 28 पाणबुड्या बांधल्या. नदी अरुंद, म्हणून त्या कुशीवरून पाण्यात ढकलल्या आणि पुढे मिसिसिपीतून तरंगत्या गोदीवर ठेवून समुद्राकडे नेल्या. आज तिथे असलेली 'कोबिया' पाणबुडी बांधली मात्र कनेक्टिकट राज्यातल्या ग्रोटनला. लांबी 95 मीटर, म्हणजे आपल्या एक्सप्रेसचे चार डबे. तेवढ्यात ऐंशीच्या आसपास माणसं, 24 टॉर्पेडो आणि 252 बॅटऱ्या! झोपायच्या फळ्या टॉर्पेडोंच्या वरसुद्धा आहेत, त्या नीट बघा.

आतले दरवाजे लंबगोल असून उंबरा गुडघ्याएवढा उंच असतो. घाईत डोकं आधी घातलं की नडगी हमखास ठेचते. वरची कड दोन्ही हातांनी धरा, आधी एक पाय पलीकडे टाका, मग वाका. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा. पाठीवरची बॅग व्हॉल्व्हच्या चाकांना अडकते, ती पोटाशी घ्या. डिझेलचा वास येतो, ज्यांना मळमळतं त्यांनी भरल्या पोटी जाऊ नये.

तिथून 'बॅजर' ही कोळशावरची बोट चार तासांत पलीकडे मिशिगन राज्यातल्या लडिंग्टनला नेते. ती साधारण मे मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंतच चालते. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची, लाटा सुरू झाल्यावर नव्हे. मे महिन्यातही डेकवर स्वेटर लागतो. पलीकडे घड्याळ एक तास पुढे असतं, हे विसरलं की त्याच काठावर दक्षिणेला असलेल्या मस्कीगॉनच्या पाणबुडी संग्रहालयाची वेळ हुकते.

मस्कीगॉनला 'सिल्व्हरसाइड्स' ही पाणबुडी आहे. डिसेंबर 1942 मध्ये, पाण्याखाली असताना, डॉक्टर नव्हे तर औषधं सांभाळणाऱ्या सहायकाने तिच्यात एका खलाशाचं अपेंडिक्स काढलं. ही शस्त्रक्रिया जिथे झाली, त्या ऑफिसरांच्या जेवणाच्या खोलीपाशी पाच मिनिटं थांबाच. जवळच नॉर्मंडीच्या मोहिमेतली 'एलएसटी-393' आहे, म्हणजे किनाऱ्यावर रणगाडे उतरवणारं जहाज. तिचं पोट मोकळं आणि प्रशस्त, गुडघेदुखीवाल्यांना सोयीचं.

एरी सरोवराकाठच्या क्लीव्हलंडची 'कॉड' पाणबुडी मात्र गुडघे धड असतील तरच. तिच्या अंगाला पर्यटकांसाठी जिने कापलेले नाहीत, खलाशांच्या उभ्या शिड्यांनीच उतरावं लागतं.