आमच्या रक्तात 'ळ' नाही

दर्यापूरकडच्या आमच्या मोठ्या मामांचं ठाम मत आहे, "आपल्या रक्तातच 'ळ' नाही पोरी." मामा केयं खातात, डोयात औषध टाकतात आणि पोया जवळ आला की बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते, त्यामुळे 'ळ' वसूल करणं हे माझ्या पगारातच येतं. डी.एड.ला असताना मी 'पाणी'चं 'पानी' वाचलं आणि अख्खा वर्ग हसला होता. ते हसू अजून कानात आहे.

औंदा पोळ्याला मामांचा नातू पुण्याहून आला. सहा वर्षांचा. बैलांना झूल चढवणं चाललं होतं. पोरगं ओट्यावरून ओरडलं, "आबा, पोया नाही, पोळा!" मामा गोंडा बांधता बांधता म्हणाले, "तेच तं म्हनून रायलो ना बापा, पोया."

ते चेष्टा करत नव्हते. रेडिओवरचा 'ळ' त्यांना रोज ऐकू येतो, अर्थही कळतो. पण त्यांच्या कानात दोन्हींसाठी कप्पा एकच.

आणि रक्ताचं म्हणाल तर नातवाचं रक्तही तेच की! फक्त तो वाढला हडपसरला.

कानाचे हे कप्पे फार लवकर ठरतात. कॅनडात जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांना चक्क आपले 'त' आणि 'ट' ऐकवले, हिंदीतले. आवाज बदलला की बाजूचं खेळणं हलायचं, म्हणून फरक कळलेलं बाळ मान वळवायचं. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांची झाली तोवर बहुतेकांचा तो गेलेला. हे १९८४ साली छापून आलं. म्हणजे माझ्याकडे पोरं दुसरीत येतात तेव्हा उशीरच झालेला असतो.

तरी मामांची बाजू अगदीच लंगडी नाही. २००७ मध्ये एडिनबर्गच्या डॅन डेडियू आणि रॉबर्ट लॅड यांनी मेंदूच्या वाढीशी संबंधित दोन जनुकं तपासली, एएसपीएम आणि मायक्रोसेफॅलिन. ज्या लोकसमूहांत त्यांची नवी रूपं कमी, तिथं सुरावर अर्थ बदलणाऱ्या भाषा जास्त दिसल्या. चिनीत 'मा' उंच, सपाट सुरात धरला तर आई. खाली नेऊन वर आणला तर घोडा. पुढं २०२० मध्ये कँटोनीज बोलणाऱ्या ४०० हून अधिक लोकांत एएसपीएमचं रूप आणि सूर ओळखण्याची क्षमता यांचा संबंध आढळला. एकेका माणसात हा फरक इतका बारीक की हाँगकाँगचं पोर अकोल्यात वाढलं तर वऱ्हाडीच बोलेल. पण सगळ्या समूहाचा कल जरासा एकीकडे असला, तर पिढ्यान्‌पिढ्या बोलता बोलता भाषा तिकडे सरकू शकते, असा डेडियू आणि लॅड यांचा तर्क.

मला मात्र जनुकांपेक्षा माझ्या वर्गातली एक पोट्टी आठवते. शुद्धलेखनात 'साप' सांगितलं की 'आप', 'शेत' सांगितलं की 'एत'. मी दोन महिने तिला ढ समजत होते. हे लिहितानाही लाज वाटते. एक दिवस तिच्या वेणीजवळ वास आला. कान वाहत होता, आत तेलात भिजवलेला कापूस. पडद्यामागे पाणी साचलं की ऐकणं मंदावतं, आणि 'स', 'श' तर मुळातच हलके, फुसफुसणारे.

ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक आदिवासी भाषांत 'स', 'श' नाहीतच. तिथल्या मुलांचे कान तान्हेपणापासून फार फुटतात. या दोन गोष्टींचा संबंध असावा, असं अँड्र्यू बुचर हे ध्वनिशास्त्रज्ञ मांडतात. त्यावर वाद आहे, पण ते वाचताना माझ्यासमोर तो कापूसच आला.

तिच्या आईला मी एवढंच सांगितलं, "तेल नका टाकू वो, दवाखान्यात न्या." औषध झालं, कान सुकला. पोट्टी आता पहिल्या ओळीत बसते. परवा पाटीवर 'साप' लिहून दाखवला, खाली वेटोळ्यासकट. शाळेला मात्र अजून शायाच म्हणते. म्हणू दे.