पंधराव्या नंबरच्या टीमसाठी ओल्ड ट्रॅफर्डला: वृत्तांत आणि पुढे जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं

आधीच सांगून टाकतो, मॅच हरलो. २० एप्रिल २०२५, ईस्टरचा रविवार, प्रीमियर लीग (इंग्लंडमधली फुटबॉलची सगळ्यात वरची लीग), आपल्याच मैदानावर म्हणजे ओल्ड ट्रॅफर्डला मँचेस्टर युनायटेड शून्य, वुल्व्ज (वुल्व्हरहॅम्प्टनची टीम) एक. ज्यांना फक्त स्कोअर पाहिजे होता त्यांचं काम झालं, बाकीच्यांनी वाचा, कारण तिकीट, ट्राम, बॅग, खाणं या सगळ्याची माहिती मला पुण्यात बसून धड एका जागी मिळाली नव्हती.

निघायच्या आधी जो तो एकच विचारत होता, की यंदाच कशाला मरायला जातोस, टीमची पार वाट लागलीये. खरंच लागली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोच टेन हागला काढलं, नोव्हेंबरात त्याच्या जागी अमोरिम आला, आणि जानेवारीत ब्रायटनने घरात येऊन ३-१ मारल्यावर तो स्वतःच म्हणाला की क्लबच्या इतिहासातली कदाचित ही सगळ्यात वाईट टीम. कोच असं बोलल्यावर आपण व्हॉट्सॲप ग्रुपवर काय तोंड दाखवणार. बोर्नमथ घरी येऊन तीन गोल मारून गेले, क्रिस्टल पॅलेस दोन मारून गेले, न्यूकॅसल दोन. सीझन संपला तेव्हा ४२ पॉइंट, पंधरावा नंबर, एकट्या ओल्ड ट्रॅफर्डवर लीगमधले नऊ पराभव. १९७४ मध्ये टीम खालच्या डिव्हिजनला गेली होती, त्यानंतर इतकं वाईट कधीच नव्हतं. आणि त्याच वर्षी लिव्हरपूल विसावी लीग जिंकून आपल्या बरोबरीला आले, तो विषय नकोच.

पण माझं म्हणणं उलटं आहे. जायचं तर अशाच वर्षी जा. टीम जोरात असते तेव्हा साध्या मेंबरला तिकीट मिळणं लॉटरीच असते, आणि यंदा लोक कंटाळून तिकिटं परत टाकत होते. दुसरं म्हणजे मार्चमध्ये क्लबने जाहीर केलंय की शेजारीच एक लाख सीटचं नवीन स्टेडियम बांधायचंय, आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टरच्या कंपनीचं डिझाइन, सर्कसच्या तंबूसारखं काहीतरी. ते कधी होईल देव जाणे, पण १९१० पासूनचं हे जुनं गळकं मैदान बघायचं असेल तर हातात फार वर्षं नाहीयेत.

तिकिटाचं असं आहे. क्लबच्या साइटवर ऑफिशियल मेंबरशिप घ्या, ती असल्याशिवाय लीगच्या मॅचचं तिकीट साध्या रेटने विसरा (हॉस्पिटॅलिटी पॅकेज असतं, पण त्या पैशात आपली अख्खी ट्रिप होते). सेल उघडतो तेव्हा नाही मिळालं तर टेन्शन घेऊ नका, सीझन तिकीटवाले येणार नसतील तर आपली सीट परत टाकतात आणि ती मेंबरांना दिसते, फक्त पेज सारखं बघत राहावं लागतं. मला तसंच मिळालं, ६६ पौंडाला. सीझनच्या मध्येच क्लबने उरलेल्या सगळ्या मेंबर तिकिटांचा रेट ६६ करून टाकला, लहान पोरं आणि म्हातारी माणसंसुद्धा त्यात आली, कसलीही सवलत नाही. त्यावरून तिथे लोक प्रचंड चिडलेत आणि मला वाटतं बरोबरच चिडलेत. २०२५-२६ च्या सीझनपासून सामना आणि सीट बघून वेगवेगळे दर ठरले, तेव्हा मोठी मॅच टाळा, मधल्या कुठल्यातरी टीमची धरा. रस्त्यावर उभे राहून तिकीट विकणाऱ्यांकडून काहीही घेऊ नका. तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये येतं, गेटवर फोन टेकवायचा, स्क्रीनशॉट चालत नाही. त्यामुळे पॉवर बँक आणि तिथलं सिम या दोन गोष्टींवर कंजुषी करू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, विमानाचं तिकीट मॅचची तारीख पक्की धरून काढू नका. माझी मॅच मुळात शनिवारी १९ तारखेला होती. टीम युरोपात खेळत असेल तर गुरुवारी युरोपा लीग (युरोपातल्या क्लबांची दुसऱ्या नंबरची स्पर्धा), म्हणून शनिवारची मॅच रविवारवर जाते, शिवाय टीव्हीवाले त्यांच्या सोयीने वेळा हलवतात ते वेगळंच. शुक्रवार ते सोमवार अख्खा रिकामा ठेवा, मग काहीही होऊ दे. १ जुलै २०२५ पासून इंडिगोची मुंबई-मँचेस्टर थेट फ्लाइट सुरू झाली, आम्हाला ते सुख नव्हतं. अजून चालू आहे ना ते बघून मग बुक करा.

मी उतरलो होतो आतेभावाकडे, वुल्व्हरहॅम्प्टनला. आता गंमत बघा, दादा तिथे नोकरीला गेला आणि बघता बघता वुल्व्जचा झाला, म्हणजे आयुष्यभर क्रिकेट सोडून काही न बघितलेला माणूस आता केशरी-पिवळा स्कार्फ घालून फिरतो. गुरुवारी रात्री दोघं हॉलमध्ये बसून युनायटेडची फ्रान्सच्या लियॉनशी युरोपा लीगची मॅच टीव्हीवर बघत होतो, पोरं झोपलेली म्हणून आवाज बारीक. २-० वरून २-२, मग एक्स्ट्रा टाइममध्ये २-४, तेव्हा दादा उठला, म्हणाला "झोप आता, रविवारी आम्ही पण मारणारे तुम्हाला," आणि गेला. त्यानंतर आपल्या ब्रुनोची पेनल्टी, १२० व्या मिनिटाला मेनू नावाच्या पोराचा गोल, आणि लगेच पुढच्या मिनिटाला मग्वायरचं हेडर. ५-४. मी तोंडात उशी कोंबून ओरडलो. सकाळी दादाला सांगितलं तर म्हणे उगाच काहीही फेकू नकोस, वहिनीने फोनवर हायलाइट लावून दाखवले तेव्हा गप्प बसला. हेच यंदाचं युनायटेड होतं, गुरुवारी असलं काहीतरी करायचे आणि रविवारी पायात पाय.

रविवारी गाडीनेच निघालो. ईस्टरला तिकडे रुळांची कामं काढतात आणि ट्रेनचा भरवसा नसतो, त्यामुळे त्या वीकेंडला जात असाल तर आधी चेक करा. एरवी वुल्व्हरहॅम्प्टनहून मँचेस्टरच्या पिकॅडिली स्टेशनला थेट ट्रेन आहे, तीच बरी. गाडी थेट स्टेडियमपर्यंत नेण्याच्या भानगडीत अजिबात पडू नका. आम्ही सेल वॉटर पार्कला ट्रामचं फुकट पार्किंग आहे तिथे लावली, आणि ट्रामने ट्रॅफर्ड बार नावाच्या स्टॉपला उतरलो. ट्रामला कार्ड टॅप करून चढायचं आणि उतरल्यावर परत टॅप करायचं, दुसरं टॅप विसरलात तर जास्त पैसे कापतात. आपलं फॉरेक्स कार्ड चाललं. दुकानांचं एक लक्षात ठेवा, ईस्टर संडेला मोठी सुपरमार्केटं कायद्यानेच बंद असतात, पाणी-बिस्किटं आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.

ट्रॅफर्ड बारहून टॅलबट रोडने चालत निघालात की आधी क्रिकेटचं ओल्ड ट्रॅफर्ड लागतं. दादा तिथे थांबलाच. १९९० च्या ऑगस्टमध्ये सतरा वर्षांच्या सचिनने पहिली टेस्ट सेंच्युरी इथेच मारली, नाबाद ११९, मॅच वाचवली. आणि २०१९ ला धोनी रनआउट झाला तेही इथेच, म्हणजे एकाच फाटकाबाहेर आनंद आणि श्राद्ध दोन्ही करून घेतलं आणि पुढे निघालो. मग वॉरविक रोड, आणि तो सरळ सर मॅट बस्बी वेला जाऊन मिळतो. गर्दी, तळलेल्या कांद्याचा वास, घोड्यावरचे पोलीस, फॅन्झिन (चाहत्यांनीच काढलेली मासिकं) विकणारे. दोन्ही टीमचे अर्धे-अर्धे रंग असलेला स्कार्फ दिसला तर घेऊ नका, तिथले लोक बघून हसतात. हिरवे-सोनेरी स्कार्फ मात्र खूप दिसतील, ते न्यूटन हीथचे रंग, म्हणजे १८७८ ला रेल्वेच्या कामगारांनी काढलेला मूळ क्लब. ग्लेझर मालकांच्या विरोधात लोक ते घालतात. २००५ ला कर्ज काढून क्लब विकत घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर बसवलं, हा तिथला वीस वर्षांचा राग आहे.

मॅचच्या दोन तास आधी पोचाच. बेस्ट, लॉ, चार्लटन या क्लबच्या तीन जुन्या दिग्गज खेळाडूंचा पुतळा समोरच आहे, डेनिस लॉ जानेवारी २०२५ मध्येच गेला. पण माझ्या मते खरी बघायची जागा म्हणजे म्युनिक टनेल, साउथ स्टँडखाली, फुकट आहे. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकमध्ये टीमच्या विमानाला झालेल्या अपघातात २३ माणसं गेली, त्यातले आठ युनायटेडचे खेळाडू, बहुतेक पोरसवदा. बाहेर कोपऱ्यावर म्युनिकचं घड्याळ आहे. टनेलमध्ये एक बाप आपल्या लहान मुलीला उचलून एकेक नाव वाचायला लावत होता, तिला डंकन एडवर्ड्सचं आडनाव जमेना, आणि मागे रांग लागलेली तरी कोणी घाई केली नाही. स्टेडियम टूर मॅचच्या दिवशी नसते, ती करायची असेल तर वेगळा दिवस काढा.

दादाची आणि माझी इथे फाटाफूट. त्याचं तिकीट वुल्व्जकडून, अवे एंडचं (पाहुण्या टीमच्या चाहत्यांसाठी राखलेला भाग), आणि अवेला प्रीमियर लीगने ३० पौंडाचं कॅप लावलंय. म्हणजे पाहुणा ३० ला आणि घरचा ६६ ला! हे तो मला वर्षभर ऐकवणार. कुणी विचार करत असेल की दोघं होम सेक्शनमध्येच बसू आणि एक जण दुसऱ्या टीमचा टीशर्ट घालेल, तर नाही चालत, उठवून बाहेर काढतात.

बॅग नेऊ नका. अगदी छोटा पाऊच सोडून काही आत घेत नाहीत. आत सगळं कार्डवर, कॅश नाही. बियर मिळते पण ती खालच्या पॅसेजमध्येच संपवायची, फुटबॉलच्या मॅचला मैदान दिसेल अशा जागी पिणं इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्याने बंद आहे. व्हेज लोकांनी खाऊनच जावं. माझी सीट सर ॲलेक्स फर्ग्युसन स्टँडच्या तिसऱ्या टियरला, जिने चढून गुडघे बोलायला लागतात आणि वर वारं असलं की एप्रिलमध्येसुद्धा जॅकेटच्या आत अजून एक स्वेटर पाहिजे. पण तिथून खेळ काय दिसतो राव! टीव्हीवर कधी कळलं नव्हतं की बॉल नसताना मागचे तिघं डिफेंडर किती सरकत असतात.

शेजारी नॉर्वेहून आलेले चार जण. तिकडे युनायटेडचं वेड फार जुनं. ते गुरुवारीही होते, आणि त्यांच्यातला एक जण २-४ झाल्यावर उठून ट्राम पकडायला गेला होता. बाकीचे तिघं मॅचभर दर दहा मिनिटांनी त्याला विचारत होते, "निघायचं का आता?" तो बिचारा ९० मिनिटं जागेवरून हललाच नाही, हाफटाइमला टॉयलेटलासुद्धा गेला नाही.

मॅचबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. युरोपा लीगसाठी लोक राखून ठेवलेले, टायलर फ्रेड्रिक्सन नावाच्या पोराचं पदार्पण, आणि त्याने बरं खेळलंन. बॉल आपल्याकडे, गोल कुणाकडेच नाही. मग ७७ व्या मिनिटाला वुल्व्जच्या, बेंचवरून आलेल्या साराबियाने फ्रीकिक भिंतीवरून आत घातली आणि समोर डाव्या कोपऱ्यात केशरी स्फोट झाला. त्यात कुठेतरी दादा होता. मी शोधायचा प्रयत्न केला, नाही दिसला, पण मोबाइलवर त्याचा मेसेज आला, फक्त हात जोडलेला इमोजी.

आता हे लिहायचं म्हणजे लिहायचंच, गोल बसल्यावर लोक निघायला लागले, खुर्च्या वर उडाल्याचे आवाज यायला लागले, पण स्ट्रेटफर्ड एंडला, म्हणजे गोलमागच्या कट्टर चाहत्यांच्या स्टँडला, गाणी थांबली नाहीत. शेवटी टीमची हुर्यो झाली, नाही असं नाही. वुल्व्जनी सीझनमध्ये घरी आणि बाहेर दोन्हीकडे हरवलं, असं १९७९-८० नंतर पहिल्यांदाच, ही माहिती मला गाडीत बसल्या बसल्या मिळाली, मागितली नव्हती.

बाहेर पडताना घाई करू नका. मैदानाजवळच्या ट्रामला भली मोठी रांग असते, एकतर थोडं थांबा नाहीतर सरळ शहराकडे चालत सुटा, पाऊण तास लागतो. आम्ही ट्रॅफर्ड बारलाच चालत गेलो, तिथे जरा गर्दी कमी. शहरात मुक्काम असेल तर पिकॅडिलीजवळ बंडोबस्त म्हणून व्हेज जागा आहे, वडापाव मिळतो. नॉनव्हेजवाल्यांनी रशोमची करी माइल धरावी.

बाकी पुढचं तुम्हाला माहितीच आहे, २१ मेला बिलबाओत टॉटनहॅमकडून युरोपा लीगची फायनलपण हरलो, तीही १-०. म्हणजे २०२५-२६ ला युरोप नव्हतं. वाईट आहेच, पण प्लॅन करणाऱ्यांनी हे बघा की ज्या सीझनला युरोप नाही, त्या सीझनला गुरुवारची मॅच नाही, म्हणजे त्या कारणाने तरी शनिवारची रविवारवर जाणार नाही. टीव्हीची निवड साधारण महिनाभर आधी जाहीर होते, तोपर्यंत व्हिसाचं काम उरकून घ्या, आणि दादासारखं कुणी तिकडे असेल तर त्याची टीम कुठली ते आधी विचारून ठेवा.