वेल्श हार्प आणि ड्रम अँड बेस: बँडचं काम कुठवर आलंय

मंडळी, कार्डिफमधल्या आमच्या छोट्या बँडचा सेट हळूहळू उभा राहतोय. नवीन लोकांसाठी, आमच्याकडे फिडल (म्हणजे व्हायोलिनच), तेलिन देइरेस (वेल्सची तीन रांगांच्या तारांची हार्प), एक क्लॉग डान्सर (लाकडी तळव्यांचे बूट घालून नाचणारी), ड्रमर आणि लॅपटॉप-सिंथवर (इलेक्ट्रॉनिक सूर) मी.

सध्या रेक्सम हॉर्नपाइप ही पारंपरिक नाचाची धून चालूय. मिनिटाला १२४ ठोक्यांच्या हाउस (क्लबमधलं डान्स म्युझिक) बीटवर ती रेंगाळते, नाचणारीच्या पायात जोर येत नाही. मग १६६ ला ड्रम अँड बेस (वेगवान ड्रम आणि जड बेसचं इलेक्ट्रॉनिक म्युझिक) धरला, स्नेअर ड्रम फक्त तिसऱ्या बीटवर, बेस अर्ध्या लयीत, आणि एकदम बसलं, कारण फिडल त्याच्या नेहमीच्याच चालीत राहतं आणि खाली मोकळी जागा मिळते. हाय-हॅट (ड्रमसेटच्या जोड-झांजा) मात्र सरळ ठेवून चालत नाही, हॉर्नपाइपचे सूर लांब-आखूड, लांब-आखूड जातात ना, म्हणून फिडलच्या रेकॉर्डिंगमधूनच एबलटन या म्युझिक सॉफ्टवेअरमध्ये ग्रूव्ह (लयीची ढब) काढून हॅटला लावलाय.

खरी मजा हार्पची. बाहेरच्या दोन्ही रांगा सारख्याच सुरांत लावलेल्या असतात, अर्धे सूर मधल्या रांगेत. त्यामुळे एकच सूर एका हाताने एका रांगेवर, लगेच दुसऱ्याने दुसऱ्या रांगेवर वाजवता येतो, आणि जो एको येतो ना, तो ऐकून मी हार्पवरचा डिले (एकोचा इफेक्ट) काढूनच टाकला! हार्पवादक नॅन्सी रिचर्ड्स (१८८८–१९७९) यांच्यासारख्यांनी ही हार्प विसाव्या शतकात जिवंत ठेवली, नाहीतर हे आपल्या हातात आलंच नसतं, मला तर ह्याचं फार वाटतं.

क्लॉगसाठी प्लायवूडच्या फळीखाली कॉन्टॅक्ट माइक (लाकडाची कंपनं पकडणारा) लावलाय. लाकडी तळव्यांचा आवाज ८०० हर्ट्झच्या वर ठेवला की किक ड्रमशी भांडत नाही, आणि ब्रेकडाउनमध्ये (गाण्यातल्या शांत भागात) सगळं थांबवून फक्त पायच ऐकवतो. कालान या वेल्श लोकसंगीत बँडची बेथन रिआनन अ‍ॅकॉर्डियन वाजवते आणि स्टेजवर क्लॉगही करते, ते बघाच. नोगुड बॉयो या वेल्श बँडचं पण ऐका, ते स्वतःच्या म्युझिकला ‘ट्रॅश ट्रॅड’ (ट्रॅड म्हणजे पारंपरिक) म्हणतात आणि फिडलला जराही दबू देत नाहीत.

लाइव्हला क्लिक (लयीची टिकटिक) फक्त ड्रमरच्या कानात, बाकीचे ड्रमरच्या ठोक्यावर वाजवतात, लॅपटॉपचे लूप मी चार-चार बारचेच (आवर्तनांचेच) ठेवलेत म्हणजे फिडलवाल्याला अजून एक राउंड घ्यावासा वाटला तर घेता येतो.

आता हार्पचा पिकअप (हार्पला लावलेला माइक) मोठ्या बेससमोर घुमतोय. १५० हर्ट्झच्या खाली कापतोय पण लाकडाची ऊब जाते. कोणी नायलॉनच्या तारांची हार्प सबवूफरसमोर वाजवली असेल तर माइक कुठे लावलात तेवढं सांगा.