आमची वाटचाल : रोप आधी इथल्या हवेत रुळू दे

ठाण्यात घोडबंदर रोडवर वाघबीळच्या पुढे आमची छोटी रोपवाटिका आहे. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, १९९६ साली भाड्याच्या दोन गुंठ्यांवर ती सुरू केली. तेव्हा गिऱ्हाईक बंगल्यांचं आणि कारखान्यांचं. कुंड्या फारशा जात नसत. जास्वंद, तगर, मोगरा पिशवीतच न्यायचे, कारण लावायला जमीन होती. मी लग्न होऊन आले तोवर टॉवर उभे राहायला लागले होते आणि लोक बाल्कनीची मापं सांगू लागले होते.

अण्णांचा एक नियम पहिल्या दिवसापासून आहे. उरुळी कांचनहून किंवा थेट आंध्रातल्या कडियमहून ट्रक आला की माल लगेच विकायचा नाही. दोन-तीन आठवडे शेडनेटखाली, म्हणजे सावलीच्या जाळीखाली, ठेवायचा. प्रवासाने रोप हबकतं, पानं पिवळी पडून गळतात. "गळायची ती पानं आपल्याकडे गळू देत, गिऱ्हाइकाच्या घरी नकोत," असं ते म्हणतात. मला सुरुवातीला हे पैसे अडकवून ठेवणं वाटायचं. आमचा धंदा याच नियमावर टिकला, हे समजायला मला खूप वर्षं लागली.

२०२० च्या टाळेबंदीत गेट बंद झालं. घरी बसलेल्या लोकांना झाडांची ओढ लागली होती आणि रोपं मोबाइलवरून मागवली जात होती. आम्हीही कुरिअरने पाठवायचं ठरवलं. पहिल्या पावसाळ्यात तीस पेट्या मोगरा पाठवला आणि जवळजवळ निम्मा सडून पोचला. चूक आमची होती. निघताना रोपं तहानलेली राहू नयेत म्हणून आम्ही भरपूर पाणी घातलं होतं. चार-पाच दिवस अंधारात, ओल्या मातीत, हवा नाही, मुळं कुजणारच. सगळ्यांचे पैसे परत केले. त्या महिन्यात माळ्यांचा पगार काढताना मी रडले होते.

मग शिकलो. पाठवायच्या आधी एक-दोन दिवस पाणी तोडायचं. मातीची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटू नये म्हणून ती कागदात घट्ट बांधायची, खोक्याला भोकं पाडायची. पार्सल सोमवारीच काढायचं, म्हणजे रविवारी कुठल्या गोदामात पडून राहत नाही. आणि सोबत चिठ्ठी : आलं त्याच दिवशी उघडा, आठवडाभर सावलीत ठेवा, लगेच कुंडी बदलू नका, पंधरा-वीस दिवस खत घालू नका. बरीच रोपं पाठवणाऱ्याच्या चुकीने नाही, पोचल्यावरच्या लाडाने मरतात.

आम्ही स्वतःही एकदा फसलो. सोनचाफ्याची कलमं टपालाने मागवली. फोटो सुंदर होता, फुलांनी लगडलेला. आलेल्या रोपांना कलमाचा सांधाच नव्हता, सगळी बियांची. कलमी चाफा पहिल्या-दुसऱ्या वर्षी फुलतो, बियांच्या झाडाला फुलासाठी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. ती रोपं आम्ही कलमी म्हणून विकली नाहीत.

तरीही टपालाने मागवूच नका, असं मी कुणाला सांगत नाही. निशिगंधाचे, लिलीचे कंद झोपेतच असतात, त्यांना प्रवास कळत नाही. बियाण्यांचंही तसंच. अडेनियम मुळं मोकळी करून, माती झाडून पाठवलं तरी तग धरतं. ज्यांच्या गावात धड रोपवाटिका नाही, त्यांना तर टपालाचाच आधार आहे. आजही आम्ही कंद आणि अडेनियम बाहेरगावी पाठवतो.

मोगरा, अनंत, फळझाडांची कलमं मात्र डोळ्यांनी पाहून घ्यावीत, याबाबत माझं मत ठाम आहे. कळ्यांनी भरलेला अनंत जागा बदलली की कळ्या टाकतो, मग घेणाऱ्याला वाटतं आपलाच हात वाईट. कलमाचा सांधा बोटाने चाचपता येतो, पान उलटून पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड, आहे का ते पाहता येतं, पिशवी उचलून खालून मुळं किती बाहेर आलीत ते दिसतं. फोटोत यातलं काही नसतं.

शिवाय फोटो विचारत नाही की मजला कितवा आणि ऊन कुठल्या बाजूचं. आम्ही तेच आधी विचारतो. मागे नौपाड्यातल्या एक आजी मागवलेलं लॅव्हेंडर घेऊन आल्या, जुलैत. "ताई, रोज प्रेमाने पाणी घालतेय गं." थंड, कोरड्या हवेतलं झाड ते, ठाण्याच्या ओल्या पावसाळ्यात किती दिवस राहणार? त्यांना मी कुंद दिला. हिवाळ्यात त्यांनी फुलांची ओंजळ आणून माझ्या टेबलावर ठेवली.

मेट्रोच्या कामात आमच्यासमोर गाडी थांबायला जागा राहिली नाही, तेव्हा रोजची विक्री घसरली. आम्हाला तगवलं ते असं परत येणाऱ्या माणसांनीच. कुणी पानाचा फोटो पाठवतं, कुणी अख्खी कुंडी रिक्षात घालून आणतं. बघण्याचे पैसे आम्ही घेत नाही.

यंदा दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'रत्ना' आंब्याची कलमं आणली आहेत. नीलम आणि हापूसच्या संकराची ही जात, फळात साका होत नाही, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होऊन बिघडत नाही, आणि गच्चीवरच्या मोठ्या ड्रमात लावायला मला ती आवडते. सध्या ती शेडनेटखाली आहेत. रोज कुणी ना कुणी विचारायला येतं. अण्णा खुर्चीतून उठतात, एकेका कलमाची नवी पालवी बघतात आणि सांगतात, "अजून रुळली नाहीत हो. पुढच्या रविवारी या."